रडगाणंही वहीत लिहा

*कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात बिलिंग काउंटरवर काम करणाऱ्या, ४२ वर्षांच्या वाचक लिहितात (पत्र संक्षिप्त केलं आहे):*

*नोव्हेंबरच्या मध्यापासून आमच्या दुकानात नाताळची गाणी सुरू होतात. तीच २२ गाणी, उघडल्यापासून बंद होईपर्यंत. चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला घुंगरं वाजतात. ती ऐकली की माझे दात आपोआप आवळले जातात. शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण त्या घुंगरांच्या ठेक्यावर कपड्यांचे टॅग काढायच्या यंत्राचा खटका दाबते, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. दिवसभरात तेवढंच हसू येतं.*

*गेली ११ वर्षं मी वर्षअखेरीला आठवणींची वही करते. फोटो, तिकिटं, खाली दोन-दोन ओळी. यंदा हातच लागत नाही. फोनमध्ये ६,४०० फोटो पडले आहेत. वर्षही तसं खास नव्हतं. जूनमध्ये ह्यांचा पाय मोडला, सहा आठवडे प्लास्टर होतं, बाकी नेहमीचंच. १७ वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, वही कोण बघतं? मी वर्षाचा व्हिडिओ करते." आणि त्याला तिने नेमकं तेच घुंगरांचं गाणं लावलं. मी "आधी बंद कर ते" म्हणून ओरडले. तिने लॅपटॉप मिटला. चार दिवस झाले, तिने विषय काढलेला नाही. घरचे म्हणतात, डिसेंबर आला की हिची किरकिर सुरू. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. वही बंद करू का? आणि सगळ्या जगाला आवडणारी गाणी मला असह्य होतात, म्हणजे माझ्यातच काही खोट आहे का?*

सप्रेम नमस्कार,

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर बरंचसं साध्या गणितात आहे. एक गाणं साडेतीन मिनिटांचं धरलं तर २२ गाण्यांची यादी ७७ मिनिटांत संपते आणि पुन्हा सुरू होते. तुमची पाळी आठ तासांची असेल तर ती यादी सहा वेळा पूर्ण होऊन वर थोडी उरते. १५ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर या काळातल्या साप्ताहिक सुट्ट्या वजा करा, ४० दिवस राहतात. म्हणजे ते घुंगरांचं गाणं तुम्ही एका मोसमात २४० वेळा ऐकता. गिऱ्हाईक अर्धा तास थांबतं, आठ-नऊ गाणी एकेकदा ऐकतं आणि गुणगुणत बाहेर पडतं. ज्याने गाणं एकदा ऐकलं आणि जिने ते २४० वेळा ऐकलं, त्या दोघांच्या आवडीनिवडीची तुलना तुमचे घरचे कशी करतात, मला कळत नाही.

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडायला लागते. जाहिरातवाल्यांची सगळी भिस्त यावरच आहे. पण १९७०च्या दशकात डॅनियल बर्लाइन यांनी नाण्याची दुसरी बाजू मांडली. ओळख वाढते तशी आवड चढत जाते, एका टोकाला पोचते आणि मग घसरू लागते. गोष्ट जितकी साधी, तितकी ही घसरण लवकर. आता नाताळची गाणी साधीच असतात, असायलाही हवीत. जमलेल्या कुणालाही दुसऱ्या कडव्यापर्यंत सूर धरता यावा म्हणून ती रचलेली असतात. समूहाने वर्षातून चार-दोनदा गाण्यासाठी जो साधेपणा चांगला, तोच काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर येतो. त्यात बटण तुमच्या हातात नाही. नावडतं गाणं स्वतः लावलेलं असतं तर तुम्ही ते दहा सेकंदांत बदललं असतंत आणि मला पत्र आलं नसतं.

तेव्हा खोट तुमच्यात नाही. गाण्यांतही नाही, हेही सांगून टाकते. 'सायलेंट नाइट' पहिल्यांदा गायलं गेलं ते २४ डिसेंबर १८१८ला, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये. शब्द योसेफ मोर यांचे, चाल फ्रान्झ झावर ग्रूबर यांची, साथीला एक गिटार. एक रात्र, एक गाणं, दोन गळे. दिवसात सहा वेळा आणि ओळीने ४० दिवस वाजवायला ते कुणी केलंच नव्हतं. 'जिंगल बेल्स'ची तर वेगळीच गंमत. जेम्स पिअरपाँट यांनी ते १८५७ मध्ये दुसऱ्याच नावाने छापलं, आणि त्यात नाताळचा उल्लेखही नाही. बर्फातून घोड्याच्या घसरगाडीत भटकण्याचं ते गाणं. १६ डिसेंबर १९६५ला जेमिनी ६ या यानातल्या दोन अंतराळवीरांनी लपवून नेलेला माउथ ऑर्गन आणि छोट्या घंटा काढून तेच वाजवलं. म्हणजे पृथ्वी सोडूनही सुटका नाही. तुमचं चौथं गाणं यातलं आहे की आणखी कुठलं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. नाव घेतलं की डोक्यात सुरू होतं म्हणून टाळलंत, असा माझा अंदाज.

आणि तुम्ही एकट्याही नाही. व्हॅम या जोडीचं १९८४चं 'लास्ट ख्रिसमस' १ डिसेंबरपासून २४ तारखेपर्यंत कानावर पडू द्यायचं नाही, असा एक खेळच जगभर लोक खेळतात. त्याला व्हॅमागेडन म्हणतात. मूळ गाणं ऐकू आलं की तुम्ही बाद, दुसऱ्या कुणी गायलेलं चालतं. दुकानात काम करणारे या खेळात पहिल्याच दिवशी बाद होतात, हे वेगळं सांगायला नको.

आता यावर करता काय येईल? 'गाणी बंद करा' म्हणून साहेबांकडे जाऊ नका. ते 'गिऱ्हाइकांना आवडतात' म्हणतील आणि बोलणं तिथेच संपेल. आकडा घेऊन जा. यादी २२ ऐवजी ६६ गाण्यांची केली तर एक फेरी जवळपास चार तासांची होते. तुमच्या पाळीत प्रत्येक गाणं सहाऐवजी दोनदा येईल, गिऱ्हाइकाला फरकही कळणार नाही. दुसरी मागणी शांततेची करा. पार्श्वसंगीत विकण्याचा धंदा ज्या म्युझॅक कंपनीने १९३०च्या दशकापासून वाढवला, तीसुद्धा आपले कार्यक्रम १५-१५ मिनिटांच्या तुकड्यांत देत असे आणि मध्ये शांतता सोडत असे, कारण सलग ऐकून लोक थकतात हे तिला ठाऊक होतं. तासातून पाव तास स्पीकर बंद ठेवला तर विक्री बुडत नाही. यातलं काहीच जमलं नाही, तर निदान काउंटरच्या वरचा तेवढा स्पीकर हळू करता येतो का, हे विचारा. आणि एकट्या जाऊ नका, त्या खटकावाल्या मैत्रिणीला सोबत न्या. एकीचं म्हणणं म्हणजे किरकिर, दोघींचं म्हणणं म्हणजे सूचना. जग असंच आहे.

घरी आल्यावरही डोक्यात ते गाणं फिरत राहतं का? पत्रात नाही, पण फिरत असणार. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांना २०१५ मध्ये एका प्रयोगात दिसलं की च्युइंग गम चघळणाऱ्यांना डोक्यात अडकलेलं गाणं कमी छळतं. मनातल्या मनात गाताना बोलण्याची यंत्रणाच काम करत असते. जबडा दुसऱ्या कामात गुंतवला की गाण्याला जागा उरत नाही. काउंटरवर चघळत उभं राहणं बरं दिसणार नाही, पण घरी येताना वाटेत चालेल. किंवा गाडीत बसल्या बसल्या कुणाशी तरी भरपूर बोला. जबडा हलल्याशी कारण.

आता वहीकडे येते.

तुमचं पत्र इथे छापताना आम्ही बरंच कापलं, आणि कापताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. गाण्यांबद्दल तुम्ही दीड पान लिहिलं होतं. छतातल्या स्पीकरच्या जाळीत गेल्या वर्षीच्या सजावटीची लाल कागदी पट्टी अडकली आहे आणि ढोलाचा ठोका पडला की ती थरथरते, हे त्यात होतं. एक म्हातारे गृहस्थ मोजे घ्यायला येतात आणि रांगेत उभे राहून नवव्या गाण्याला भलत्याच सुरात शीळ घालतात, हेही होतं. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर संगीत बंद होतं तेव्हा फक्त ट्यूबलाइटची घूं ऐकू येते आणि तुम्ही सगळ्या एकदम हळू आवाजात बोलायला लागता, हे तर वाचून मी पत्र क्षणभर खाली ठेवलं. आणि वर्षाबद्दल? दोन ओळी. 'खास नव्हतं. बाकी नेहमीचंच.'

जी बाई स्पीकरच्या जाळीतली पट्टी टिपते तिला वर्षभरातलं काही आठवत नाही, हे मला पटत नाही. तुम्हाला आठवतं. पण 'हे वहीत घालण्यासारखं नाही' असं म्हणून तुम्ही ते दारातच अडवता. ११ वर्षांत तुमच्या वहीची हळूहळू पाहुण्यांची खोली झालेली दिसते. उशांचे अभ्रे बदललेले, सगळे हसरे, पसारा आत ढकललेला. अशी खोली दरवर्षी लावायची म्हटली की कंटाळा येणारच. त्यात पाय मोडलेल्या माणसाला जागा नाही, २४० वेळा ऐकलेल्या गाण्याला तर नाहीच नाही. मग वर्ष 'खास नव्हतं' असंच वाटणार, कारण जे घडलं ते सगळं दाराबाहेर उभं आहे.

किरकिर करणारी बाई आठवणींची वही कशी करणार, असं तुम्हाला मनातून वाटतं. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. किरकिर करताना माणूस सर्वांत बारकाईने बघतो. 'मजा आली' या दोन शब्दांत आपण अख्खी सहल उरकतो, पण नावडत्या गोष्टीचं वर्णन करताना वेळ, आवाज, वास, कोण काय म्हणालं, सगळं येतं. रडगाणं म्हणून जे तुम्ही मला लिहून पाठवलंत, ते या वर्षाच्या वहीचं पहिलं पान आहे. तयार आहे, फक्त उतरवायचं आहे.

नेदरलंड्समधले मानसशास्त्रज्ञ विलेम वाखेनार यांनी सहा वर्षं रोज आपल्या आयुष्यातली एखाद-दुसरी घटना टिपून ठेवली. काय घडलं, कोण होतं, कुठे, केव्हा. अशा सुमारे २,४०० नोंदी झाल्यावर त्यांनी स्वतःचीच परीक्षा घेतली. एकेक धागा द्यायचा आणि बाकीचं आठवतं का बघायचं. निष्कर्ष १९८६ मध्ये छापून आले. 'काय घडलं' या धाग्याने सर्वांत जास्त आठवलं, आणि नुसत्या तारखेने जवळपास काहीच नाही. तुमच्या वह्या मी पाहिलेल्या नाहीत, पण बहुतेकांच्या वह्यांत पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत तारीख असते आणि खाली 'धमाल दिवस!' वीस वर्षांनी त्या तारखेचा काही उपयोग होणार नाही. 'कुलूप उघडेना म्हणून सगळे जिन्यात दीड तास बसलो' याचा होईल.

फोटोंचंही असंच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत असं दिसलं की आपण होऊन फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त लक्षात राहतं, पण त्याच वेळी कानावर पडलेलं कमी. मला हे अगदी पटलं. फोटोत चेहरे आहेत, पण कोण काय बोललं ते गेलं. म्हणून फोटोखाली जे फोटोत दिसतंच आहे ते लिहू नका. 'आम्ही सगळे' हे दिसतंय. त्या वेळी कुणी काय म्हटलं, ते लिहा. एक ओळ पुरे.

जूनचंच बघा. पाय मोडला, प्लास्टर होतं, इतकंच लिहून तुम्ही पुढे गेलात. त्या सहा आठवड्यांचे किती फोटो आहेत? एकही नसेल. असल्या दिवसांत कोण फोटो काढतं. आणि फोटो नाही म्हणून तो महिना वहीत येणार नाही, दहा वर्षांनी कुणी 'कुठला पाय?' असं विचारेल आणि घरात त्यावरून वाद होईल. जिना ते कसे चढायचे, बसून मागे सरकत की तुमच्या खांद्याला धरून? प्लास्टरवर कुणी काही लिहिलं होतं का? रात्री पायाखाली उशी ठेवताना ते काय पुटपुटायचे? प्लास्टर कापल्यावर तो बारीक झालेला, पांढरट पाय पाहून मुलगी काय म्हणाली? हे प्रश्न मी पत्रोत्तराच्या ओघात विचारते आहे, पण उत्तरं मला पाठवू नका. वहीत लिहा.

आता ६,४०० फोटो. इथेच बहुतेक लोकांचं गाडं अडतं, म्हणून हे सगळ्यांसाठीच सांगते. एकेका फोटोला पाच सेकंद दिले तरी जवळपास नऊ तास लागतात, आणि त्यातले हजार तरी बिलांचे, स्क्रीनशॉटचे आणि एकाच प्रसंगाचे सात-सात असतात. फोनपासून सुरुवात केलीत तर पहिल्या रात्री फेब्रुवारीपर्यंत पोचाल आणि पुन्हा हात लावणार नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. कोरा कागद घ्या, वीस मिनिटं लावा आणि आठवेल ते लिहा. क्रम नको, सुवाच्य अक्षर नको. बारा-पंधरा गोष्टी निघतील. त्यात दोन-तीन भांडणं असतील, एखादा आजार, एखादं बिघडलेलं यंत्र. असू द्या. मग फोन उघडा आणि फक्त त्या यादीतल्या गोष्टींचे फोटो शोधा. सापडले तर छान, नाही सापडले तर लिहिलेली ओळ पुरे. उरलेल्या हजारोंचं आजच काही करायला हवं असं नाही. त्यांची एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर कुठेतरी ठेवली, की डोक्यावरचं ओझं उतरतं. निवड नंतरही करता येते. एक सावधगिरी मात्र घ्या. इकडून तिकडे मेसेजवर आलेल्या फोटोंत मूळ तारीख बहुधा राहत नाही. दुसऱ्याने काढलेला जो फोटो तुम्हाला महत्त्वाचा वाटतो, त्याची मूळ फाइल आत्ताच मागून घ्या, पाच वर्षांनी त्याच्याकडेही ती नसेल.

छापायचे ते ४० पेक्षा जास्त नको. मागे नावं लिहिताना बॉलपेन दाबू नका, पुढच्या बाजूला उठतं. मऊ पेन्सिल बरी, आणि गुळगुळीत कागदावर ती उमटत नसेल तर नाव वहीच्या पानावर लिहा. चिकट पानांवर पारदर्शक पापुद्रा असलेले जुने अल्बम घरात असतील तर त्यातले फोटो हळूहळू बाहेर काढा, तो गोंद वर्षांनुवर्षं फोटो खातो. आणि तिकिटं! माझ्याकडे एक डबा आहे. त्यात १४ कागदाचे तुकडे आहेत, सगळे कोरे. कधीकाळी ती तिकिटं होती, काही पावत्या होत्या. मोठ्या मायेने जपल्या होत्या. उष्णतेने छापायचा तो कागद, काही वर्षांत अक्षर उडून गेलं. प्रत्येक तुकडा कशाचा तरी होता एवढंच मला माहीत आहे. टाकवतही नाहीत. तेव्हा मशीनमधून गुळगुळीत कागदावर आलेलं तिकीट असेल तर त्याची झेरॉक्स काढून ती चिकटवा.

मुलीचा टोमणा, 'वही कोण बघतं', तुम्हाला लागला असणार. पण तिला एक गोष्ट बरोबर दिसली आहे. त्या ११ वह्या कुठे आहेत? माझी पैज आहे, कपाटात वरच्या खणात, धूळ लागू नये म्हणून पिशवीत. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की नव्याने पाठ केलेलं आपण पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरतो, आणि अधूनमधून उजळणी केली तर ते टिकतं. तुमच्या घरची विभागणी बघा. नको असलेलं गाणं २४० वेळा, हवे असलेले फोटो शून्य वेळा. या दोन तक्रारी तुम्ही मला वेगवेगळ्या म्हणून लिहिल्यात, मला ती एकच दिसते. यादीत बदल करून घेणं पूर्णपणे तुमच्या हातात नाही, पण वह्या वरच्या खणातून खाली आणणं आहे. बसता-उठता हात पोचेल अशा जागी ठेवा. पानं मळली, कोपरे दुमडले तर समजा की वही चालू आहे.

'वही बंद करू का' याचं थेट उत्तर द्यायचं तर, हो, करू शकता. ११ वर्षं केली म्हणून बारावी केलीच पाहिजे, असं कुठे लिहिलेलं नाही. बंद करायची नसेल तर एक मधला मार्ग आहे. यंदा तुम्ही लिहा, पुढच्या वर्षी ह्यांना लिहू द्या, नंतर मुलीला. ह्यांचं वर्ष तीन पानांत संपेल आणि दोन पानं क्रिकेटची असतील, पण तीही खरीच. मला विचाराल तर यंदा बारीकशी, २० पानांची वही करा. सजावट नको, रंगीत कागद नको, चिकटपट्टी आणि पेन एवढंच.

आणि ज्यांना या वर्षी घरातलं कुणी गमावल्यामुळे वर्षअखेरीची गाणी सोसवत नाहीत, त्यांच्यासाठी दोन ओळी. तुमचा त्रास वेगळा आहे, त्याला किरकिर म्हणू नका आणि कुणाला म्हणू देऊ नका. यंदा वही करायची गरज नाही. जे कागद, जे फोटो हाती येतील ते एका पाकिटात घाला, वर साल लिहा आणि बंद करून ठेवा. झोप, भूक, रोजची कामं आठवडेच्या आठवडे बिनसली असतील तर मात्र डॉक्टरांना भेटा.

पुन्हा तुमच्याकडे येते, कारण चार दिवस मिटलेला तो लॅपटॉप माझ्या डोक्यातून जात नाही. मुलगी तुमच्या वहीच्या विरुद्ध उभी नाही. तुम्ही करता तेच काम ती तिच्या हत्याराने करते आहे. त्या गाण्याचंही तसंच. तुमच्यासाठी त्याला दुकानातल्या आठ तासांचं लेबल चिकटलं आहे, तिच्यासाठी कदाचित मैत्रिणींबरोबरच्या एखाद्या संध्याकाळचं असेल. गाणं एक, आठवणी दोन. तिला हे माहीतच नाही, कारण तुम्ही फक्त 'बंद कर' म्हणालात. ओरडल्याबद्दल माफी मागा. गाणं आवडत नाही याबद्दल मागू नका. २४० हा आकडा तिला सांगा, मला वाटतं ती हसेल. गंमत म्हणजे वर्षअखेरीला तिचं गाण्यांचं अॅप तिला वर्षभरात सर्वांत जास्त ऐकलेल्या गाण्याचं नाव दाखवत असेल. तुम्ही सर्वांत जास्त ऐकलेल्या गाण्याची नोंद मात्र कुठल्याच अॅपमध्ये नाही. ती फक्त वहीत होऊ शकते.

मग तिला विचारा, व्हिडिओत मूळ आवाज ठेवता येतील का. आपण व्हिडिओ करतो तेव्हा सगळ्यात आधी खरा आवाज काढून टाकतो आणि वर गाणं पसरतो. ह्यांच्या कुबडीची टकटक, तुमचं 'अगं, आधी पुसून घे' हे स्वयंपाकघरातून आलेलं ओरडणं, दाराची कडी. तिच्या क्लिपांमध्ये हे सगळं असेलच. ते राहू दे, गाणं हवं तर शेवटी नावांच्या पाटीवर लावू दे. एवढं अर्धं मिनिट तुम्ही सहन कराल. आणि त्या मूळ क्लिपा पुसू नकोस, असं तिला सांगून ठेवा. तयार व्हिडिओ तीन मिनिटांचा असतो, पण तिने कापून टाकलेल्या भागातच बहुधा कुणीतरी कॅमेऱ्याकडे न बघता काहीतरी बोलत असतं.

तुमच्या यंदाच्या पहिल्या पानाबद्दल एक राहिलं. टॅगच्या यंत्राचा खटका घुंगरांवर वाजवणाऱ्या मैत्रिणीचं नाव तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, ते बरंच केलंत. वहीत मात्र ते पूर्ण लिहा, आडनावासकट. आणि जमलं तर यादी बंद झाल्यावर, ती ट्यूबलाइटची घूं ऐकू येते तेव्हा, तिचा एक फोटो काढा.